‘हे जहाज खाते काय?’ : ‘लेव्हायथन’ वाचताना

देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांना तोफांचा आवाज नवा नाही. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि घरातले कोणी मान वर करूनही पाहत नाही. अशाच एका सकाळी आठवीतल्या भाच्यासोबत स्कॉट वेस्टरफेल्ड यांची ‘लेव्हायथन’ ही कादंबरी वाचायला घेतली. ही २००९ साली प्रसिद्ध झालेली किशोरांसाठीची स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जुन्या काळात कल्पित तंत्रज्ञान रंगवणारी, साहसकथा आहे. तिचे पहिलेच दृश्य आम्हा दोघांना धरून ठेवणारे निघाले : राजवाड्यात, झोपायच्या वेळी, टेबलावर पत्र्याचे सैनिक मांडून लुटुपुटीची लढाई खेळणारा एक मुलगा.

तो मुलगा आलेक. ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांचा हा काल्पनिक पुत्र. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत युवराज आणि त्यांची पत्नी यांची हत्या झाली आणि त्यातून पहिले महायुद्ध पेटले, हा इतिहास शाळेत सगळेच शिकतात. परंतु त्या रात्री त्यांच्या घरात मागे राहिलेल्या मुलाचे काय झाले असते, हा प्रश्न लेखकाने विचारला आणि त्यातून दोन पायांवर चालणाऱ्या युद्धयंत्रातून पळणारा, वारसाहक्क नाकारलेला राजपुत्र उभा राहिला. दुसरीकडे डेरिन ही स्कॉटिश मुलगी मुलाचा वेश करून ब्रिटिश हवाई दलात शिरते. या जगात जर्मनी आणि ऑस्ट्रिया यंत्रांचे पुजारी आहेत, तर ब्रिटनने डार्विनच्या शोधांच्या जोरावर नवे प्राणीच घडवले आहेत.

या प्राण्यांत कादंबरीचा खरा जीव आहे. ‘लेव्हायथन’ हे देवमाशापासून घडवलेले अवाढव्य हवाई जहाज, आणि ते एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत आहे. मधमाश्या फुलांतून अन्न गोळा करून आणतात, पोटातले जंतू त्यातून हायड्रोजन तयार करतात, गळती हुंगून काढणारे प्राणी पाठीवरून फिरत राहतात आणि वटवाघळांना अन्नातून चारलेले लोखंडी खिळे लाल प्रकाश पडताच शत्रूवर बरसतात. ‘मामा, पण हे जहाज खाते काय?’ असे भाच्याने मध्येच विचारले. मला वाटते, लेखकाने कथानकाचा सांधा नेमका याच प्रश्नावर जुळवला आहे, कारण जहाज आल्प्सच्या हिमनदीवर कोसळते तेव्हा तिथे चरायला काहीच नसते, आणि जवळच्या किल्ल्यात वर्षानुवर्षांचा शिधा साठवून लपलेला असतो शत्रुपक्षाचा आलेक. त्यानंतर एका बाजूचे अन्न आणि दुसऱ्या बाजूची इंजिने यांची जी देवघेव होते, ती मला आकाशातल्या सगळ्या चकमकींपेक्षा सरस वाटली.

उणिवाही आहेत. आलेक आणि डेरिन यांची प्रकरणे आलटून पालटून येतात, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत जवळजवळ अर्धे पुस्तक सरते. आलेकच्या पलायनाचा भाग तर बराच रेंगाळतो. डार्विनची नात नोरा बार्लो ही प्रत्यक्षात होऊन गेलेली व्यक्ती येथे शास्त्रज्ञ म्हणून झोकात वावरते, पण तिच्या पेटीतल्या अंड्यांचे गूढ गरजेपेक्षा जास्त ताणले आहे. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीही जड जाईल, कारण डेरिनच्या तोंडी जहाजावरचे शब्द आणि घडवलेल्या शिव्या सारख्या येतात. (ब्रिटिश सैनिकांनी आमच्या देवळालीवरून ‘वेडा झालेला’ या अर्थाचा ‘डूलॅली’ शब्द घडवला, हे सांगितल्यावर भाच्याला त्या शिव्यांचा राग राहिला नाही.) भारतीय सैनिक मात्र या युद्धात दिसत नाहीत. कथा युद्धाच्या पहिल्या काही आठवड्यांपुरतीच आहे, हे मान्य. तरीही मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही जागा रिकामी वाटेल.

कीथ थॉम्पसन यांची कृष्णधवल चित्रे मात्र अप्रतिम आहेत. मोबाइलवर वाचण्यापेक्षा छापील प्रत घ्यावी, कारण यंत्राचे सांधे आणि जहाजाच्या पोटाखालचे दोर बोट ठेवून पाहण्यात निम्मी मजा आहे. शेवटी लेखकाने खरे काय आणि कल्पित काय याची फोड केली आहे. ती आधी वाचू नये.

पहिला भाग कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेवर, अंडी उबत असतानाच थांबतो. पुढचे ‘बेहेमथ’ आणि ‘गोलायथ’ हे भाग २०१० आणि २०११ साली आले. निदान दुसरा हाताशी ठेवूनच पहिला सुरू करावा; आम्ही तसे केले नाही आणि भाच्याने आठवडाभर माझा पिच्छा पुरवला.