डोंगरासाठी डिटेक्टर: हलका व्हीएलएफ की जड पल्स?

मेलबर्नहून शनिवार-रविवार हाय कंट्रीत, म्हणजे व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागात, जाणारे, तंबू आणि ट्रेकचे बूट आधीपासून घरात असलेले आपले बरेच लोक आता सोनं शोधायचा मेटल डिटेक्टरही घ्यायचा म्हणतात. प्रश्न सगळ्यांचा एकच: व्हीएलएफ (जमिनीत सतत कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडणारा) घेऊ की पल्स इंडक्शन (थांबून थांबून जोरदार झटके सोडणारा, थोडक्यात ‘पल्स’)? मी चार वर्षं व्हीएलएफ वापरला, गेली तीन वर्षं पल्स वापरतोय. जे लिहितोय ते ब्राइट आणि हॅरिएटव्हिलच्या आसपासच्या घळींपुरतं. बॅलारॅट-बेंडिगोकडच्या लाल मातीत पल्सच न्या, असं तिथले बहुतेक जुने लोक सांगतात. तिथे फारसा वाद नाही, वाद आहे तो डोंगरात.

आणखी एक आधीच सांगतो. १९८० मध्ये किंगॉवरला डिटेक्टरवर सापडलेला २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गोळा डोळ्यांसमोर ठेवून इकडे येऊ नका. मला या घळींत मिळालेलं सोनं दाण्या-कणांत मोजण्याइतकंच आहे.

वजनात व्हीएलएफ सरळ जिंकतो. तो सॅकला बांधला की आहे हेसुद्धा विसरायला होतं. माझा पल्स जुन्या धाटणीचा आहे: बॅटरी पाठीवर, तिची वायर खांद्यावरून पुढे आणि दांडा तोलायला छातीच्या पट्ट्याला रबरी दोर. उतारावर ती वायर हमखास झुडपात अडकते. मुक्कामाचं सामान पाठीवर असेल तर मी तो नेतच नाही, गाडीपासून तासाभराच्या वाटेतच वापरतो. नवे पल्स हलके निघालेत, पण त्यांची किंमत साध्या व्हीएलएफच्या कित्येक पट आहे.

बारीक सोन्यातही व्हीएलएफचं पारडं जड. ओढ्यातल्या उघड्या कातळावर खसखशीएवढा कण त्यानं मला ऐकवलाय, माझा पल्स तिथे गप्प असतो.

आणि खिळे! १८५०च्या दशकात इथल्या ओव्हन्स आणि बकलंड नद्यांच्या खोऱ्यांत हजारो लोक सोन्यामागे आले. त्यांच्या झोपड्यांचे चौकोनी खिळे, बुटांच्या तळव्यांचे बारीक खिळे अजून मातीत आहेत. व्हीएलएफ लोखंड वेगळं दाखवतो. माझ्या पल्सला तो भेद जवळपास कळतच नाही, त्यामुळे प्रत्येक खिळा खणावा लागतो. पण व्हीएलएफचा हा कौलही शंभर टक्के धरू नका. एकदा तो ‘लोखंड’ म्हणत असतानाही मी हट्टानं खणलं, तर गारगोटीला चिकटलेलं सोनं निघालं.

इथवर वाचून तुम्ही व्हीएलएफकडे झुकला असाल. मीही चार वर्षं तिकडेच होतो. मला तिथून उठवलं ते एका काळ्या दगडानं.

ईस्टरची सुट्टी होती. आदल्या दिवशी १,९२२ मीटर उंचीचा फेदरटॉप चढून आलो होतो. तो राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथे डिटेक्टर चालवायला मनाई आहे, म्हणून यंत्र गाडीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी खालच्या स्टेट फॉरेस्टमधल्या एका कोरड्या घळीत उतरलो. पहिल्या पाच मिनिटांत आवाज आला, अगदी स्वच्छ. पाटीच्या दगडाचे थर टिकावानं उकलत पाऊण तास खणलं. हाती आला मुठीएवढा, काळपट-तांबूस, आकाराच्या मानानं जड दगड. कॉइलखाली (दांड्याच्या टोकाच्या चकतीखाली) धरला की टुंग, बाजूला केला की शांत.

हाच तो हॉट रॉक. यंत्र आजूबाजूच्या मातीशी जुळवून घेतलेलं असतं, या दगडातली लोहखनिजं त्या मातीपेक्षा वेगळी असतात, म्हणून यंत्राला तो धातू वाटतो. दुपारपर्यंत असे बारा दगड निघाले. मी सेन्सिटिव्हिटी उतरवली, मग आणखी उतरवली. हेडफोनमध्ये सतत टिकटिक चालू होती, त्यात समोरच्या उतारावरचा लायरबर्ड पक्षीही ऐकू येईना.

खिळा निघतो तेव्हा यंत्र खरं बोललेलं असतं: धातू आहे म्हणालं, धातू होता. दगड निघतो तेव्हा ते खोटं बोललेलं असतं. आणि दिवसात बारा वेळा खोटं ऐकलं की तेराव्या आवाजाला कंबर वाकत नाही. मला त्रास झाला तो याचा. खणण्याचा कंटाळा मला कधीच नव्हता, विश्वास उडाला तेव्हा हात थांबला.

पुढच्या वर्षी त्याच घळीत पल्स घेऊन गेलो. त्याचा आवाज लावलेल्या तंबोऱ्यासारखा, एकसुरी आणि मंद. खाली धातू आला की तो सूर किंचित वर जाऊन परत येतो. दोन-तीन दगड त्यालाही वाजले, नाही असं नाही. एकोणीस खिळे निघाले, ते टिकावाला लावलेल्या चुंबकानं उचलले. आणि पाटीच्या एका भेगेत, चार बोटं खोल, चिकणमातीत रुतलेला ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा दाणा होता. घरी वजन केलं, अर्धा ग्रॅम भरला. व्हीएलएफला तो ऐकू आला नसता असं मी म्हणत नाही. आवाज आलाही असेल, मीच दगड समजून पुढे गेलो असेन.

शिवाय पल्सला विजेच्या तारांचा फार त्रास होतो आणि डोंगरात तारा कमी. दूर कुठे वीज चमकली तरी हेडफोनमध्ये तडतड होते. उन्हाळ्यातल्या दुपारी ती ऐकून मी दोनदा वेळेत खाली उतरलोय.

यंत्र कुठलंही असो, व्हिक्टोरियात मायनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) काढा, एकदा घेतला की दहा वर्षं चालतो. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा. आणि सुट्टीत गावी जाताना डिटेक्टर बॅगेत टाकून आपल्या गडांवर फिरवू नका. संरक्षित गडावर परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

लांबच्या मुक्कामी ट्रेकमध्ये जमलं तर तासभर शोधायचं, एवढंच मनात असेल तर व्हीएलएफ घ्या, त्यात चूक काहीच नाही. पण मुद्दाम एखाद्या घळीत दिवस घालवणार असाल, तर माझ्या मते नव्या व्हीएलएफच्या पैशांत थोडी भर घालून जुना पल्स बघावा. बघायला जाल तेव्हा तो तारांपासून लांब, मोकळ्या जागी चालू करायला सांगा. कॉइलपाशी केबल हलवून पाहा. सूर तुटला तर कॉइल बदलावी लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.