आधी भाषण की आधी ऐकणं? पहिल्या सत्राची आखणी करताना

पहिल्या वर्षाच्या संवादकौशल्यात सगळंच घ्यायचं असतं: भाषण, गटचर्चा, देहबोली, ऐकणं, ईमेल. सत्र मात्र तेवढंच. त्यामुळे पहिले पाच-सहा आठवडे कशाला द्यायचे, तिथेच निवड करावी लागते. मी काही वर्षं भाषणापासून सुरुवात केली, आता ऐकण्यापासून करतो.

भाषणाची वाट रुळलेली आहे. हा विषय उभा केला तोच मुळी भाषण शिकवणाऱ्यांनी. अमेरिकेत १९१४ साली १७ शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी वक्तृत्वाच्या शिक्षकांची वेगळी संघटना काढली. या पद्धतीत मुद्द्यांची बांधणी शिकवता येते, गुण देणं सोपं जातं आणि विद्यार्थ्याला काहीतरी जमल्याचं समाधान मिळतं. पहिल्या भाषणात थरथरणारा मुलगा तिसऱ्या भाषणात सरळ उभा राहतो, ते पाहून मलाही आनंद व्हायचा. फक्त देहबोलीच्या तासाला ‘शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, चेहरा ५५ टक्के’ ही आकडेवारी सांगू नका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७चे ते प्रयोग सुट्या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या भावनांबद्दल होते. भाषणात शब्दांना ७ टक्केच महत्त्व असतं, असं त्यातून निघत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. वर्गात ४० जण, प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे नुसती भाषणंच २०० मिनिटांची. उठणं-बसणं धरून पाच तास सहज जातात. या पाच तासांत एकजण बोलतो आणि बाकीचे ३९ काय करतात? ज्यांची पाळी यायची आहे ते मांडीवरच्या चिठ्ठ्या वाचत ओठ हलवतात, ज्यांची झाली ते सुटल्यासारखे बसतात. एकदा एका मुलीच्या चिठ्ठ्या खालीवर झाल्या आणि तिने समारोप मधेच वाचला, मग पुन्हा दुसऱ्या मुद्द्यावर आली. शेवटी टाळ्या पडल्या, आधीच्या भाषणाला पडल्या होत्या तेवढ्याच. ‘काही प्रश्न?’ असं विचारलं तर सगळे गप्प. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. संवादाच्या वर्गात संवादच होत नाही, हे मला फार लागलं.

आता पहिल्या आठवड्यापासून जोड्या पाडतो. एकाने दोन मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने ‘तुझं म्हणणं असं की…’ म्हणून ते परत सांगायचं, आणि समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत स्वतःचं मत मांडायचं नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७मध्ये सक्रिय ऐकण्याबद्दल लिहिलं, त्याच विचारातला हा सराव. ऐकायला सोपा वाटतो. एकजण म्हणाला, गटाच्या प्रकल्पात सगळ्यांना सारखेच गुण मिळतात हे बरोबर नाही. जोडीदार म्हणाला, ‘म्हणजे तुला गटात काम नको.’ नाही. ‘तुला इतरांपेक्षा जास्त गुण हवेत.’ तेही नाही. तिसऱ्या खेपेला तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘गटकाम चालेल, पण कोणी किती केलं ते गुणांत दिसायला हवं.’ तेव्हा कुठे ‘हो, हेच’ आलं. चाळीसही जण एकाच वेळी कामाला लागलेले असतात, कोणी पाळीची वाट बघत बसत नाही.

अडचणी आहेतच. खोलीत गोंगाट होतो. गुण देणं जिकिरीचं होतं. मी त्यासाठी प्रत्येकाकडून ‘माझा पहिला अंदाज कुठे चुकला’ यावर अर्धं पान लिहून घेतो. आणि पहिले दोन आठवडे मुलांना वाटतं की आपण काही शिकतच नाही.

तुमच्या वर्गात १२-१५च जण असतील, तर भाषणापासून सुरुवात केली तरी बहुधा बिघडणार नाही. तेवढ्या लोकांत कान उघडे राहतात. निर्णय होत नसेल तर बोलण्याच्या भीतीचे अभ्यासक जेम्स मॅक्रॉस्की यांची २४ विधानांची प्रश्नावली आधी भरून घ्या. गटचर्चा, बैठक, दोघांतलं बोलणं आणि भाषण यांची भीती त्यात वेगवेगळी मोजली जाते. माझ्या वर्गांत भाषणाला घाबरणारे बरेचजण दोघांत मोकळे असतात, मग जिथे ते मोकळे आहेत तिथूनच का सुरू करू नये? भाषण मी सोडलेलं नाही, ते नवव्या आठवड्यात येतं. तेव्हा कोणाच्या चिठ्ठ्या खालीवर झाल्या तर निदान तीन-चार हात तरी वर होतात.