फ्लीटवुड मॅक: आधी ‘रुमर्स’ की थेट ‘टस्क’?

फ्लीटवुड मॅक या रॉक बँडचा एकच अल्बम घ्यायचा असेल तर बहुतेक जण विचार न करता ‘रुमर्स’चं नाव घेतील. मी आधी उलट विचारेन: त्यातलं ‘ड्रीम्स’ ऐकलंय? ‘गो युअर ओन वे’? ‘द चेन’? तिन्ही तोंडपाठ असतील तर पैसे त्यानंतरच्या ‘टस्क’ या अल्बमवर घाला. एकही धड ऐकलेलं नसेल तर ‘रुमर्स’ घ्या आणि पुढे वाचायचीही गरज नाही. हा लेख मधल्यामधे लटकलेल्यांसाठी आहे. या बँडवर माझा वर्षानुवर्षं जीव आहे, तेव्हा तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका.

दोन्ही अल्बमवर माणसं तीच पाच. ड्रमवर मिक फ्लीटवुड आणि बेसवर जॉन मॅकव्ही. या दोघांच्या आडनावांवरूनच बँडचं नाव पडलं. कीबोर्डवर आणि गायला क्रिस्टीन मॅकव्ही, जॉनची बायको. १९६७ साली लंडनमध्ये पीटर ग्रीनने हा बँड उभा केला तेव्हा तो ब्लूज वाजवायचा. ग्रीन बँड सोडून गेला, मग गिटारवाले येत-जात राहिले, आणि १९७४ संपता संपता लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स हे कॅलिफोर्नियातलं जोडपं येऊन मिळालं. तिथून सगळंच पालटलं. एका बँडमध्ये तीन गीतकार, तिघांचे गळे वेगळे, आणि खाली ब्लूजमध्ये मुरलेली ड्रम-बेसची जोडी. असा योग रॉकमध्ये फार थोड्यांच्या वाट्याला आला.

‘रुमर्स’ची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय की आता ती गाण्यांच्या आधी कानावर येते. तरी सांगतो, कारण ती माहीत नसेल तर निम्मी मजा जाते. १९७६मध्ये हे पाच जण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटो गावी ‘रेकॉर्ड प्लांट’ स्टुडिओत जमले तेव्हा जॉन आणि क्रिस्टीनचा संसार मोडला होता, लिंडसी आणि स्टीव्हीचं फाटलं होतं आणि मिकच्या घरीही तीच गत होती. एकमेकांशी कामापुरतं बोलायचं, आणि गाणी लिहायची ती मात्र एकमेकांवरच! ‘गो युअर ओन वे’मध्ये लिंडसीने स्टीव्हीला उद्देशून एक ओळ अशी लिहिली की ती तिला धादांत खोटी वाटली. तिने ती काढायला सांगितली, त्याने काढली नाही. पुढे कित्येक वर्षं मंचावर त्याच गाण्याला ती मागून सूर देत राहिली. क्रिस्टीनचं त्याहून भारी. ‘यू मेक लव्हिंग फन’ तिने आपल्या नव्या प्रियकरावर लिहिलं, तो बँडच्याच प्रकाशयोजनेचं काम बघायचा. आणि नवऱ्याला सांगितलं की गाणं आपल्या कुत्र्यावर आहे. आता त्या गाण्यातला बेस ऐका. इतका खेळकर बेस वाजवणारा माणूस तो नवराच.

एवढी भांडणं, पण आवाजात पसारा नाही. इथेच या अल्बमचं खरं कसब आहे. केन कॅलट आणि रिचर्ड डॅशट या निर्मात्यांनी बँडबरोबर महिनोन्‌महिने एकेक आवाज घासूनपुसून घेतला. टेप पुन्हा पुन्हा फिरवून इतकी झिजली की ड्रमची धार बोथट व्हायला लागली. सुदैवाने मूळ वादनाची दुसरी टेप शिल्लक होती. मग तिच्याशी बाकीचे आवाज नुसत्या कानाने जुळवत बसावं लागलं. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’ची गिटार काचेसारखी वाजते कारण रेकॉर्डिंग चालू असताना तिच्या तारा सारख्या बदलल्या जात होत्या. ‘साँगबर्ड’साठी तर स्टुडिओच सोडला आणि बर्कलीच्या विद्यापीठातल्या रिकाम्या प्रेक्षागृहात क्रिस्टीनला पियानोवर बसवलं. त्या गाण्यात आवाजाभोवती जी जागा जाणवते ती त्या सभागृहाची आहे.

‘ड्रीम्स’ जवळजवळ सगळं दोन कॉर्ड्सवर, म्हणजे दोन स्वरसमूहांवर, चालतं. कागदावर बघाल तर काहीच नाही. पण जॉनचा बेस दोनच स्वरांवर डोलत राहतो, मिक हाय-हॅट (ड्रमसोबतची जोडझांज) किंचित मागे धरतो आणि स्टीव्ही रागावलेली असून रागवत नाही. बँडचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे एकमेव गाणं. २०२०मध्ये स्केटबोर्डवरून सरबत पीत जाणाऱ्या एका माणसाच्या व्हिडिओमुळे ते पुन्हा तिथल्या यादीत चढलं, तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांचे आईबापही १९७७मध्ये, अल्बम आला तेव्हा, शाळेत असतील. ‘द चेन’ हे पाचही जणांच्या नावावर असलेलं अल्बममधलं एकुलतं गाणं, आणि तेही वेगवेगळे तुकडे कापून जोडलेलं. बेस एकटा उरतो आणि मग सगळे त्याच्यावर तुटून पडतात, तो शेवटचा भाग बीबीसीने फॉर्म्युला वनच्या कार्यक्रमाला वर्षानुवर्षं वापरला.

‘रुमर्स’च्या आकड्यांबद्दल एकच वाक्य पुरे: अमेरिकेत ३१ आठवडे पहिला क्रमांक, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी, जगभरात चार कोटींहून जास्त प्रती.

मग खोट कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. ‘ओह डॅडी’ला मी आजही पुढे ढकलतो, क्रिस्टीनच्या इतर गाण्यांशेजारी ते बसून राहतं. दुसरी खोट जास्त मोठी. स्टीव्हीचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे लिंडसीवरचं गाणं लांब पडतं म्हणून अल्बममधून काढलं आणि ‘गो युअर ओन वे’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. त्याच्या जागी आलेलं ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ छान उड्या मारतं, पण तोलामोलाचं नाही. १९९७च्या ‘द डान्स’ कार्यक्रमात स्टीव्ही ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ लिंडसीकडे रोखून बघत गाते. ते चित्रीकरण बघितलं की ते गाणं काढण्याचा निर्णय किती चुकला ते कळतं.

‘टस्क’कडे वळताना आधीच सांगतो, हा अल्बम पहिल्या भेटीत आवडण्यासारखा नाही.

एवढं यश मिळाल्यावर कंपनीला दुसरा ‘रुमर्स’ हवा होता. लिंडसीला तो अजिबात नको होता. त्याच्या कानात तोवर पंक आणि न्यू वेव्ह हे रॉकचे नवे प्रकार शिरले होते, ‘टॉकिंग हेड्स’ आणि ‘क्लॅश’सारख्या नव्या बँडपुढे आपण म्हातारे वाटू ही धास्तीही असावी. त्याने घरी, अगदी न्हाणीघरातसुद्धा, एकट्याने ध्वनिमुद्रण केलं. ड्रमऐवजी टिश्यूपेपरचे खोके बडवले. गंमत अशी की त्याच वेळी बँडसाठी लॉस एंजेलिसच्या ‘व्हिलेज रेकॉर्डर’मध्ये खास स्टुडिओ बांधून घेतला होता आणि एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. तोवरच्या सर्वांत महागड्या रॉक अल्बममध्ये त्याची गणना होते. इतके पैसे ओतले, आणि अर्धी गाणी ऐकताना वाटतं की शेजारच्या खोलीत कुणीतरी टेपरेकॉर्डरवर वाजवतंय.

१२ ऑक्टोबर १९७९ला दोन रेकॉर्ड्सचा संच बाहेर आला. वीस गाणी: लिंडसीची नऊ, क्रिस्टीनची सहा, स्टीव्हीची पाच. अमेरिकेत किंमत जवळपास सोळा डॉलर. त्यात एका रेडिओ साखळीने अख्खा अल्बम वाजवला आणि लोकांनी तो घरबसल्या कॅसेटवर उतरवून घेतला. विक्री घटली त्याला मिक फ्लीटवुड हेच कारण देत आला. सुमारे चाळीस लाख प्रती खपल्या. कुठल्याही बँडला स्वर्ग वाटेल असा आकडा, पण ‘रुमर्स’नंतर तो अपयश म्हणून मोजला गेला. ब्रिटनमध्ये मात्र तो पहिल्या क्रमांकावर गेला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

शीर्षकगीताचंच बघा. मिकच्या डोक्यात आलं की यात संचलनाचा बँड हवा. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा शंभराहून अधिक वादकांचा ताफा रिकाम्या डॉजर स्टेडियममध्ये उभा करून त्यांचं वादन टिपलं. जॉन तेव्हा ताहितीला गेला होता, म्हणून चित्रफितीत मिक त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा काखेत मारून फिरताना दिसतो. खाली आदिम वाटणारा ठेका, वर कुजबुज, मग आरडाओरडा, मग पितळी वाद्यांचा गजर. आणि हे असलं गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत पोचलं!

दोन्ही अल्बम शेजारी ठेवायचे तर गीतकारांवरून ठेवावेत असं मला वाटतं.

क्रिस्टीन दोन्हीकडे तीच आहे. ऊबदार, थोडी दमलेली, कधीच आरडाओरडा न करणारी. ‘टस्क’वरच्या ‘ओव्हर अँड ओव्हर’ आणि ‘ब्राऊन आइज’मध्ये ती जास्त संथ होते, पण गाण्याचा सांगाडा पक्का. तिच्यासाठी निवडायचं असेल तर ‘रुमर्स’. ‘साँगबर्ड’ला तोड नाही. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये ती गेली तेव्हापासून ते गाणं मी सहज म्हणून लावत नाही.

स्टीव्हीसाठी निःसंशय ‘टस्क’. ‘रुमर्स’मध्ये तिला चारेक मिनिटांच्या चौकटीत बसावं लागलं, अपवाद शेवटच्या ‘गोल्ड डस्ट वुमन’चा. ‘टस्क’वर ती पसरते. ‘स्टॉर्म्स’ आणि ‘ब्यूटिफुल चाइल्ड’ ही दोन गाणी एकदा शांतपणे ऐकाच. त्यांत रागापेक्षा थकवा आहे, आणि गळा किती खरा लागलाय ते कळतं. ‘सारा’ तर सहा मिनिटांहून जास्त चालतं आणि संपू नये असं वाटतं.

लिंडसी? इथे प्रत्येकाने स्वतः ठरवावं. ‘रुमर्स’वर तो इतरांच्या गाण्यांना घाट देणारा कारागीर आहे. ‘ड्रीम्स’ हे स्वतःविरुद्धचं गाणं त्याने किती मायेनं सजवलंय बघा. ‘टस्क’वर तो इतरांची गाणी तशीच सांभाळतो आणि स्वतःची मुद्दाम खरवडतो. ‘द लेज’, ‘नॉट दॅट फनी’, ‘दॅट्स इनफ फॉर मी’ ही दोन-तीन मिनिटांची धसमुसळी गाणी क्रिस्टीन आणि स्टीव्हीच्या मखमली गाण्यांना खेटून येतात, आणि पुरणपोळीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढावा तसं होतं. मला आवडतं. माझ्या घरात इतर कुणालाही आवडत नाही. पण ‘दॅट्स ऑल फॉर एव्हरीवन’ आणि ‘वॉक अ थिन लाइन’ ऐका. त्यांतले थरावर थर चढवलेले आवाज ऐकून कळतं की हा माणूस नुसता चक्रमपणा करत नव्हता.

आता व्यवहाराचं. ‘रुमर्स’ जेमतेम चाळीस मिनिटांचा, लोकलच्या एका फेरीत संपतो. ‘टस्क’ सव्वा तासाच्या आसपास चालतो आणि सलग ऐकायला तो जड जातो. व्हायनलवर घेणार असाल तर दोन रेकॉर्ड्स असल्यामुळे ‘टस्क’ महाग पडणार, पण त्याच्या चार बाजू म्हणजे चार छोटे अल्बम समजा. बाजू उलटायला उठावं लागतं हीच त्याची खरी लय. ‘टस्क’ जुन्या सीडीवर मिळाला तर ‘सारा’ची लांबी तपासा. पहिल्या सीडीवर सगळं मावावं म्हणून ते गाणं कापलं होतं; नंतरच्या आवृत्त्यांत पूर्ण आहे. ‘रुमर्स’ सीडीवर किंवा ऑनलाइन ऐकणार असाल तर २००४ची आवृत्ती बघा, तिच्यात ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ आत घेतलंय.

कुणाला भेट द्यायचा असेल तर ‘रुमर्स’च द्या. पाहुणे आल्यावर लावायचा असेल, गाडीत सगळ्यांनी मिळून गायचं असेल, नवे स्पीकर तपासायचे असतील, तरी ‘रुमर्स’. मात्र तो तुम्हाला असाही भेटणारच आहे. कॅफेत, रीलमध्ये, कुणाच्या तरी लग्नाआधीच्या पार्टीत. ‘टस्क’ असा आपसूक समोर येत नाही. एकट्याने, हेडफोन लावून, गाणं कसं बनतं याचं कुतूहल असेल, एकाच बँडमध्ये तीन माणसं तीन दिशांना जाताना ऐकायची असतील, तर त्याच्यासाठी वेळ काढा.

आणि ‘टस्क’ घेतलाच तर पहिल्या बाजूपासून सुरू करू नका. ‘ओव्हर अँड ओव्हर’च्या गुंगीतून ‘द लेज’मध्ये आदळलं की नवखा माणूस सुई उचलतो. चौथी बाजू आधी लावा: ‘हनी हाय’, ‘ब्यूटिफुल चाइल्ड’, ‘वॉक अ थिन लाइन’, मग शीर्षकगीत आणि ‘नेव्हर फर्गेट’. त्यानंतर ‘सारा’साठी पहिली. दुसरी आणि तिसरी पुढच्या आठवड्यात.