सांगली-मिरजेची वाढ मोजताना: घरवस्ती थर की डायनॅमिक वर्ल्ड?

उपग्रहचित्रांवरून बनवलेले हे दोन्ही नकाशाचे थर फुकट आहेत, पण 'बांधकाम' या शब्दाचा अर्थ दोघांत वेगळा आहे. युरोपीय आयोगाचा जीएचएसएल (ग्लोबल ह्यूमन सेटलमेंट लेयर, म्हणजेच घरवस्ती थर) फक्त छपराखालचं क्षेत्र धरतो. डायनॅमिक वर्ल्ड हा गूगलचा थर जमिनीचे पाणी, झाडं, पीक, बांधकाम असे वर्ग पाडतो, आणि त्याच्या 'बिल्ट' म्हणजे बांधकाम वर्गात रस्ते आणि फरसबंदीही येते. म्हणून 2000 चा आकडा एकातून आणि 2023 चा दुसऱ्यातून घेऊन वजाबाकी करू नका. शहर न वाढताही वाढलेलं दिसेल.

देशाचा 1975 पासूनचा कल हवा असेल तर जीएचएसएलच घ्या. त्याच्या 100 मीटरच्या चौकोनात बांधकामाचं क्षेत्र 0 ते 10,000 चौरस मीटर अशा किमतीत दिलेलं असतं. चौकोन मोजू नका, किमतींची बेरीज करा आणि 10 लाखांनी भागा. चौरस किलोमीटर मिळतील. मात्र दर पाच वर्षांचे सगळे आकडे प्रत्यक्ष उपग्रहचित्रांतले नाहीत, मधले गणिताने भरलेले आहेत. 2025 आणि 2030 तर अंदाजच.

कुपवाडकडे नवी वस्ती कुठे सरकतेय, हे पाहायला डायनॅमिक वर्ल्ड सरस: चौकोन 10 मीटरचा, माहिती 2015 च्या जूनपासून. पण एका दिवसाच्या चित्रावर विसंबू नका. उन्हाळ्यात नांगरलेलं रान, द्राक्षबागेवरचं प्लास्टिक, बेदाण्याची शेड यांनी वर्गीकरण फसू शकतं. दरवर्षी पावसाळ्यानंतरचे तेच महिने घ्या, 'बिल्ट'च्या संभाव्यतेची सरासरी काढा, मग किती संभाव्यतेच्या वर बांधकाम धरायचं ती मर्यादा ठरवा. ती सगळ्या वर्षांना एकच ठेवा. शेवटी निदान शंभर ठिकाणं जास्त बारकाव्याच्या चित्रावर डोळ्यांनी तपासा. हे टाळलेला नकाशा ग्राह्य धरू नका.