दोन फुटी एलईडी पट्टी: दिवे चांगले, अॅडॉप्टर कच्चा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फिशटँकच्या दुकानांत काठावर बसणारी 18 वॅट, 12 व्होल्टची बिननावाची पट्टी मिळते. उजेड छान, अॅल्युमिनियमचं अंगही दणकट. तरी ती वर्ष काढत नाही, आणि त्यात दिव्यांचा दोष फार थोडा असतो.

पहिला दोष अॅडॉप्टरचा. 18 वॅटला 12 व्होल्टवर दीड अँपिअर लागतो आणि सोबतचा अॅडॉप्टर नेमका दीडचाच येतो. तो रोज पूर्ण ताकदीवर तापतो, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकतात आणि पट्टी लुकलुकायला लागते. पट्टी चालू ठेवून मल्टिमीटर लावा. साडेअकराच्या वर व्होल्टेज असेल तर अॅडॉप्टर ठीक. नऊ-दहावर उतरलं तर बदला. नवा 12 व्होल्टचाच, पण अडीच-तीन अँपिअरचा घ्या. पिनही जुळली पाहिजे: 2.1 मिमीच्या जागी 2.5 मिमीची घातली तर ती सैल बसते, ठिणगी उडते आणि सॉकेट जळतं. दोन-चारशे रुपयांत काम होतं. जुना उघडायच्या फंदात पडू नका, आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा राहू शकतो. अॅडॉप्टरवर 30 ते 36 व्होल्ट अशी मर्यादा आणि मिलिअँपिअर छापलेले असतील तर तो ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेजऐवजी ठरलेला करंट देणारा डबा आहे. त्याला 12 व्होल्टचा पर्याय चालत नाही.

दुसरा दोष पाण्याचा. खानापूरच्या पावसाळ्यात घरातली हवाच ओली असते, त्यात खालून टाकीची वाफ. डब्यावर आयपी 67 (धूळ-पाणी आत शिरत नाही अशी खूण) लिहिलेलं असलं तरी टोकाच्या टोपीत वायर शिरते तिथे बोटाने दाबून पाहा, रबर हलतं. तिथून ओल आत शिरते आणि सोल्डरवर हिरवी बुरशीसारखी पूड चढते. नवी पट्टी आणल्या दिवशीच ती जागा न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. टाकी जोडायचं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन इथे नको, ते तांबं खातं. टाकीवर काच ठेवा आणि वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगकडे न जाता तिथेच टपकेल.

एका रांगेतले तीनच दिवे गेले तर त्यांतला एक मेलाय. पिवळ्या थरावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, तोच तो. काही मेकॅनिक त्यावर तार टाकून बाकीचे दोन पेटवून देतात. ही दुरुस्ती घेऊ नका. तीन दिवे मिळून नऊ व्होल्ट खातात, करंट आवरणाऱ्या रेझिस्टरवर तीन उरतात. एक वगळला की रेझिस्टरवर सहा येतात, करंट जवळपास दुप्पट होतो आणि उरलेले दोघेही लवकरच जातात. त्याच मापाचा नवा दिवा बसवायला सांगा.

लाईट गेल्यावर पट्टीचं बटण बंद करा, आल्यावर दोन मिनिटांनी चालू करा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आवरणावर साचला की उजेडही घटतो. ओल्या फडक्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा, प्लग काढूनच.

खरेदी करायचीच तर अॅडॉप्टर वेगळा निघणारी पट्टी घ्या. ज्यात तो आतच कोंबलेला असतो, ती स्वस्त असली तरी घेऊ नये.