बाईंच्या एकोणीस कॅसेटी: ध्वनिफितींचे डिजिटल रूपांतर करून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आमच्या संगीताच्या बाईंना जाऊन दोन वर्षे होत आली असताना त्यांच्या मुलीने कपाटातील एक पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. त्यात एकोणीस कॅसेटी होत्या. अकरा साठ मिनिटांच्या, आठ नव्वद मिनिटांच्या. प्रत्येकीवर बाईंच्या वळणदार अक्षरातील चिठ्ठी होती: ‘भूप, प्रवेशिका’, ‘मध्यमा पूर्ण, तोंडी परीक्षा’, ‘आईंसाठी, पहाटेचे अभंग’. बाई दिवसा शाळेत संगीत शिकवीत, संध्याकाळी घरी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांसाठी विद्यार्थी तयार करीत आणि उरलेल्या वेळात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सारे करीत. चिठ्ठीवरील ‘आई’ म्हणजे त्या सासूबाई. आपण शाळेत असताना त्यांच्या कानी देवाचे नाव पडत राहावे, म्हणून बाई पहाटे देवघरापुढे पेटी घेऊन बसत आणि अभंग ध्वनिमुद्रित करून ठेवीत. मी त्यांच्याकडे नऊ वर्षे शिकले, पण या कॅसेटींबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

कॅसेटी आम्ही ज्या सेवेकडे सोपवल्या ती दोघेजण मिळून चालवतात. ते काम घेताना प्रथम प्रश्न विचारतात, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. ध्वनिमुद्रण कोणत्या यंत्रावर झाले, ते विजेवर चालत होते की बॅटरीवर, गाणाऱ्या व्यक्तीची पट्टी कोणती, साथीला कोणते वाद्य होते आणि ते वाद्य अजून शिल्लक आहे का, एवढे सगळे त्यांनी लिहून मागवले. त्या वेळी हे मला अकारण वाटले होते.

कॅसेट ही वस्तू १९६३ साली बाजारात आली ती मुख्यतः बोलणे टिपून ठेवण्यासाठी. तिची फीत चार मिलिमीटरही रुंद नसते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ गतीने सरकते. त्यातही दोन्ही बाजूंचे ध्वनिमुद्रण त्याच अरुंद पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले असते. त्यामुळे वाजवणाऱ्या यंत्राचे हेड, म्हणजे फितीवरील ध्वनी टिपणारा भाग, फितीशी किंचित तिरके असले तरी वरचे नाद बोथट होतात आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झणकार, तर पार नाहीशी होते. या दोघांनी प्रत्येक कॅसेटीसाठी हेडचा कोन नव्याने जुळवला. सहा कॅसेटींमधील फितीला हेडवर टेकवून धरणारा फेल्टचा तुकडा डिंक सुकून गळून पडला होता. त्या फिती त्यांनी नव्या कवचांत बसवल्या. दोन फितींवर बुरशी होती, आणि ती साफ केल्याशिवाय फीत यंत्रात घालायची नाही, हा नियम त्यांनी आम्ही घाई करूनही मोडला नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटींची फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, म्हणून ती त्यांनी जलद गतीने न फिरवता सावकाश गुंडाळून घेतली आणि मगच वाजवली.

त्यांचे खरे कसब दिसले ते पट्टीच्या बाबतीत. बाई आयुष्यभर काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गायल्या. ‘आईंसाठी’ ही कॅसेट घरच्या यंत्रावर लावली, तेव्हा सुरुवातीला त्या काळी चारच्या आसपास होत्या, परंतु बाजू संपेपर्यंत थेट तिच्या लगतच्या वरच्या पट्टीच्या, पांढरी सहाच्या, जवळ पोहोचल्या होत्या. आवाज कोवळा आणि पातळ झाला होता, लयही वाढली होती. आम्हा विद्यार्थ्यांपैकी काहींनी त्याचा अर्थ बाई तेव्हा तरुण होत्या असा लावला. खरे कारण वेगळे होते. ध्वनिमुद्रण बॅटरीवर झाले होते, बॅटरी उतरत गेली तशी यंत्राची गती मंदावली, आणि मंद गतीने मुद्रित झालेली फीत नेहमीच्या गतीने वाजवली की स्वर चढतो. पेटीवरील दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतर म्हणजे वेगातील सुमारे सहा टक्के फरक. तेवढ्यानेही माणसाचा आवाज वेगळा वाटू लागतो. गाणारा माणूस भावनेच्या भरात एखाद वेळी चढेल, पण पेटीचे सूर पितळी असतात, ते बैठकीत चढत नाहीत.

बाईंची पेटी मुलीकडे अजून आहे आणि त्या कॅसेटींनंतर ती सुरांत लावून घेतलेली नाही. सेवेच्या सांगण्यावरून आम्ही तिच्या मध्य सप्तकातील प्रत्येक सूर भाता एकसारखा ठेवून मुद्रित केला आणि पाठवला. त्या सुरांना प्रमाण मानून त्यांनी संपूर्ण बाजू तुकड्या-तुकड्याने मूळ गतीवर आणली. विजेवर झालेल्या ध्वनिमुद्रणांत वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, मंद घरघर होती; गती बदलली की तिचाही स्वर बदलतो, म्हणून तिचाही त्यांनी दुय्यम आधार घेतला. वर्षानुवर्षांत पेटीचे सूरही थोडे हलतात, तेव्हा अगदी केसाइतकी अचूकता मिळेल असे समजू नका, हेही त्यांनी आपणहून सांगितले. दुरुस्त झालेली बाजू मी प्रथम ऐकली तेव्हा पहिल्याच आलापात बाई समोर बसल्या आहेत असे वाटले. षड्जावर येताना आवाज थोडा मागे घेण्याची त्यांची रीत, जी आम्ही सगळ्यांनी नकळत उचलली आहे, ती जशीच्या तशी परत आली होती.

यानंतर मात्र आमचा मतभेद झाला. पहिल्या खेपेला त्यांनी पाठवलेल्या फायलींतून खरखर इतकी काढून टाकली होती की तिच्याबरोबर तंबोऱ्याचे सूक्ष्म नाद, भात्याचा श्वास आणि दोन ओळींमधील बाईंचा श्वासही गेला होता. शिवाय अभंगांच्या मधले व्यत्यय त्यांनी कापले होते. एका ठिकाणी सासूबाई हाक मारतात, बाई अंतरा अर्ध्यावर सोडून ‘आले हं, आई’ म्हणतात, पेटी थांबते, तीन-चार मिनिटे नुसती शांतता असते, आणि मग परतलेल्या बाई त्याच ओळीच्या त्याच शब्दापासून पुन्हा सुरू होतात. शिकवणीच्या कॅसेटीत भूप रागाचा आरोह म्हणताना एक मुलगी त्यात वर्ज्य असलेला मध्यम लावते. बाई रागावत नाहीत, तिच्याकडून तोच आरोह अकरा वेळा म्हणवून घेतात, आणि बाराव्या वेळी तो बरोबर आला की फक्त ‘हं’ म्हणतात. हे सारे ‘अनावश्यक भाग’ म्हणून वगळले गेले होते. सेवेच्या दृष्टीने ती चूक नसेल, कारण बहुतेकांना स्वच्छ गाणेच हवे असते. आम्हाला बाई हव्या होत्या, आणि बाईंचे गाणे, शिकवणे, घर व देव हे एकमेकांपासून वेगळे काढता येण्यासारखे नव्हते.

आम्ही तसे सविस्तर लिहून कळवले. कोणतीही कुरकुर न करता त्यांनी सर्व बाजू मूळ प्रतीवरून पुन्हा तयार केल्या. खरखर कानाला टोचणार नाही इतकीच कमी केली आणि एकही सेकंद कापला नाही. मूळ प्रत काहीही न पुसता जपून ठेवलेली होती म्हणूनच हे शक्य झाले. तेव्हा अशी सेवा निवडताना पहिली अट हीच घालावी की, कोणतीही प्रक्रिया न केलेली प्रतही आपल्याला मिळाली पाहिजे. ती आम्हाला २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाच्या वेव्ह फायलींत मिळाली. डावी आणि उजवी अशा दोन्ही वाहिन्या धरल्या तर अशी फाईल तासाला सुमारे दोन गीगाबाइट जागा घेते, म्हणून रोजच्या ऐकण्यासाठी एमपीथ्री प्रती स्वतंत्र दिल्या आहेत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ठरलेल्या मुदतीपेक्षा काम तीन आठवडे लांबले आणि मधल्या काळात त्यांनी आपणहून काही कळवले नाही. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नाही अशा माणसांना हे मौन फार जड जाते. दोन कॅसेटींच्या बाजूंची नावे उलटसुलट लागली होती. एका कॅसेटीच्या उत्तरार्धावर पुढे कोणीतरी दुसरेच काही मुद्रित करून ठेवले आहे, आणि त्याखालचे परत मिळणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवली नाही याबद्दल मी त्यांना गुणच देईन.

कोणाला अशा कॅसेटी पाठवायच्या असतील तर त्या आधी घरच्या जुन्या यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा. माझ्याकडून तसे एकदा झाले आणि एक फीत यंत्रात गुंतली, ती सुदैवाने सुटली. चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. गायकाच्या साथीचे वाद्य घरात असेल तर काम पूर्ण होईपर्यंत ते सुरांत लावायला देऊ नये.

नव्या कवचांत गेलेल्या सहा फितींच्या चिठ्ठ्या त्यांनी जुन्या कवचांवरून अलगद काढून नव्यांवर लावल्या. ‘आईंसाठी’ ही चिठ्ठी सोडवताना फाटू लागली, म्हणून ती तशीच राहू देऊन त्यांनी ते रिकामे कवचही वेगळ्या पाकिटात परत केले. ते आता मुलीच्या घरी पेटीवर ठेवले आहे, आणि तिची मुलगी त्या पेटीवर प्रवेशिकेचा भूप शिकते आहे.