बी४५० बोर्डावर रायझन ५६००: सात-आठ महिन्यांचा अनुभव आणि एका बॅटरीचा वैताग

ज्या इंजिनिअरने मदरबोर्डची बॅटरी बरोब्बर ग्राफिक कार्डाच्या खाली नेऊन बसवली, त्याला मी एकदा आमच्या घरी बोलावून ती बॅटरी बदलायला लावणार आहे. चहा-पोहे देईन, पण बदलायला त्यालाच लावीन. माझ्या जुन्या बी४५० मदरबोर्डावर बसवलेल्या एएमडीच्या रायझन ५६०० प्रोसेसरबद्दल पुढे लिहितेच. वाचणाऱ्यांना ५६०० म्हणजे सहा कोअर, बारा थ्रेड हे माहीत असतं, त्यामुळे ते दळण दळत नाही.

माझं काम लग्नाच्या अल्बमचं डिझाइन. बारा बाय छत्तीसच्या शीट, तीनशे डीपीआय, एकेका फाइलमध्ये चाळीस-पन्नास लेयर. २०१८ साली बी४५० बोर्ड आणि रायझन ५ १६०० घेतला तेव्हापासून तक्रार अशी नव्हतीच. पण विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. गिऱ्हाइकांचे फोटो ज्या मशीनवर, तिथे सुरक्षेचे अपडेट बंद, हे काही मनाला पटेना.

भाचा गेमिंगवाला. त्याचं म्हणणं, "मावशी, आता एएम५ च घे. हा प्लॅटफॉर्म म्हातारा झाला." एएम५ म्हणजे नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम, कारण डीडीआर४ तिथे चालतच नाही. माझ्याकडची बत्तीस जीबी काय मी लोणच्यात घालू? त्यातून २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे भडकले की भाचा त्या विषयावर बोलेनासा झाला. मी इथे इंदुरातच सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरून ५६०० घेतला. ५७००एक्स दोन कोअरने मोठा आहे, पण त्याच्या डब्यात कूलर येत नाही. ५६०० च्या डब्यात येतो. विषय संपला.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसतो ही मेहेरबानी आपोआप झालेली नाही, हेही सांगायला हवं. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत. एक कारण म्हणजे बऱ्याच बोर्डांवरची बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) चिप १६ एमबीची. इतक्या प्रोसेसरांची माहिती त्यात मावेना. लोकांनी इतका कालवा केला की त्याच महिन्यात त्यांना निर्णय फिरवावा लागला. काही कंपन्यांनी मग जागा करायला बायोसमधून सगळ्यात जुन्या प्रोसेसरांना नारळ दिला.

बसवण्यात एकच पथ्य: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा. एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह, आणि यूपीएस चालू आहे ना ते बघून. आधी प्रोसेसर बदलला तर जुन्या बायोसला नवा ओळखू येत नाही आणि स्क्रीन काळी. दुसरं, एएम४ च्या, म्हणजे या बोर्डाच्या प्लॅटफॉर्मच्या, पिना सॉकेटमध्ये नसून प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. कूलर सरळ वर ओढला तर मधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करायची, मग कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. पहिल्यांदा चालू केल्यावर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रिसेट करायचं का, असा वाय-एन प्रश्न येतो. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, मगच वाय दाबा.

फरक? फाइल उघडायला, फिल्टर लावायला, शीट एक्स्पोर्ट करायला, सगळीकडे जाणवतो. कोअर तेवढेच आहेत, पण एकेक कोअर तगडा आणि एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली मेमरी) १६ ची ३२ एमबी. आणि ज्या रॅमच्या पाकिटावर ३२०० चा वेग लिहिलाय ती जुन्या रायझन १६०० वर २९३३ च्या पुढे कधी टिकली नव्हती. इथे पहिल्या फटक्यात ३२०० ला लागली. बी४५० वर पीसीआयई (ग्राफिक कार्ड बसतं तो स्लॉट) चौथी पिढी मिळत नाही, तिसरीच राहते, यावर भाच्याने बरंच सुनावलं. माझ्या कामात त्याने काडीचा फरक पडलेला नाही.

हिवाळ्यात मी याला पाचपैकी पाच तारे दिले असते. मग मे आला. इंदुरात बेचाळीस अंशांच्या दुपारी एक्स्पोर्ट लावला की तापमान पंच्याऐंशीच्या वर, आणि डब्यातला तो चपटा कूलर असा बोंबलायचा की बाहेरच्या खोलीतून सासूबाई विचारत, "मिक्सर चालू राहिलाय का गं?" या प्रोसेसरची हद्द नव्वद अंश. तेव्हा तीन तारे. मग आठवलं, १६०० बरोबर आलेला कूलर याच्यापेक्षा चांगला उंच होता. तोच साफ करून, नवी पेस्ट लावून बसवला. स्क्रू त्याच भोकांत बसतात. शिवाय बायोसमध्ये पॉवरची मर्यादा ७६ वॉटवरून ६० वर आणली. एक्स्पोर्टला किंचित जास्त वेळ लागतो, पण तापमान सत्तरीत आलं आणि मिक्सर बंद झाला. साडेचार तारे.

तर बॅटरी. जूनमध्ये रोज सकाळी नवा तमाशा सुरू झाला. चालू केलं की काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा म्हणून सूचना. आत गेलं तर तारीख कित्येक वर्षं मागे. तारीख चुकीची म्हणजे ब्राउझर प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट खोटं ठरवणार, म्हणजे गिऱ्हाइकाला पाठवायची लिंक उघडत नाही. रॅम ३२०० वरून २४०० ला. आणि माझी ६० वॉटची मर्यादा गायब, म्हणजे मिक्सर परत सुरू!

भाचा नोकरीसाठी पुण्याला. म्हणून मशीन उचलून एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने बाजू उघडली, ग्राफिक कार्ड काढून ठेवलं, मॉनिटरची केबल बोर्डावरच्या एचडीएमआयला खोचली, आणि अर्थातच डिस्प्ले आला नाही.

"मॅडम, बोर्ड गया. नए प्रोसेसर का लोड नहीं ले पाया."

मी म्हटलं, भैया, घरून निघताना चालू होतं, फक्त तारीख चुकत होती. तर म्हणे, रास्ते में गया होगा. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे बोर्डावरच्या पोर्टला केबल लावून जन्मात चित्र दिसणार नाही. ग्राफिक्स ५६००जी मध्ये असतं. हे मी सांगितलं तर तो हसला. नव्या बोर्डाचे साडेसात हजार सांगितले. आणि गंमत बघा, कार्ड काढल्यामुळे ती बॅटरी त्या क्षणी त्याच्या नाकासमोर उघडी पडलेली! तिच्याकडे बघितलंही नाही. चेकिंगचे तीनशे मात्र मोजून घेतले. पावती मागितली तर पावतीबुक संपलेलं.

घरी येऊन यांच्या मल्टिमीटरने मोजली. सीआर२०३२ ला तीन व्होल्ट हवेत, होते सव्वादोन. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांना नवी मिळाली. पण ती बसवायला परत कार्ड काढायचं, आणि कार्ड काढायचं तर स्लॉटच्या टोकाची ती इवलीशी खिट्टी दाबायची. ती खिट्टी कार्डाच्या पाठीमागच्या पत्र्याखाली, आणि वरून माझा तो नव्याने बसवलेला उंच जुना कूलर. बोट जात नाही, स्क्रू-ड्रायव्हर घातला तर बोर्डावर ओरखडा उठायची धास्ती. शेवटी क्रोशाच्या सुईच्या मागच्या गोल टोकाने दाबली तेव्हा टक् करून सुटली. मग बॅटरीच्या कडेची स्प्रिंग ढकलायची, ती उडून पॉवर सप्लायच्या जाळीवर, तिथून टेबलाखाली.

बोर्डाच्या खालच्या काठाला दोन इंच मोकळी जागा आहे हो! तिथे कंपनीने स्वतःचं नाव छापलंय. चमकणाऱ्या अक्षरांत.

भाच्याला फोन केला तर त्याचं तर्कशास्त्र वेगळं: "मावशी, तू रात्री भिंतीवरचं बटण बंद करतेस ना, म्हणून. चालू ठेव." बरोबर आहे त्याचं. भिंतीचं बटण चालू असलं की बंद मशीनलाही पॉवर सप्लायकडून थोडा करंट मिळत राहतो, त्यावर तारीख आणि सेटिंग टिकतात. बॅटरीवर वेळच येत नाही. पण या घरात रात्री टीव्हीपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळी बटणं बंद होतात आणि मीटर वाचायला मी स्वतः जाते. प्रोसेसरसाठी कायदा बदलणार नाही. दर चार-पाच वर्षांनी चाळीस रुपये देईन.

आता जुलै संपत आला, तारीख जागेवर आहे, रॅम ३२०० ला आहे. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलाय. कुणी बी४५० वर ५६०० घ्यावा का, असं विचाराल तर डोळे झाकून घ्या. बोर्ड नवा घेणार असाल तर मात्र दुकानात खोक्यावरचं चित्र बघा, आणि बॅटरी कुठे आहे ते आधी शोधा. दुकानदार हसेल, हसू दे.

जुना १६०० अजून पडून आहे, नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत नीट, एकही पिन वाकलेली नाही. भाच्याचा मित्र मागतोय, पण पाचशेच्या वर सरकायला तयार नाही. मी आठशेवर अडून बसलेय.